औषध सोसतं, गोळी सोसत नाही: असं कुणाचं होतं का?

केतकी_कर्वेनगर
सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं, पण या विषयावर धागा दिसला नाही म्हणून नवा काढतेय. आधीचा असेल तर संपादकांनी तिकडे हलवावा.

घरात सगळे पक्के शाकाहारी, त्यामुळे माझं बी-१२ कायम तळाला. डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्सची गोळी लिहून दिली. ती घेतली की दोन-तीन तासांत मांड्यांवर आणि पोटावर पित्त उठतं. लाल गांध्या, खाजवून जीव नकोसा होतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं आपोआप मावळतं. बी-१२चं इंजेक्शन घेतलं तेव्हा मात्र काहीच झालं नाही. मग एकदा दुकानात नेहमीची गोळी नव्हती म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीची दिली. घटक तेच, मिलिग्रॅम तेच. तीही निमूटपणे सोसली. सोसली ती साधी पांढरी होती, न सोसणारी भडक केशरी-लाल, चकचकीत पाकवलेली. गेल्या पावसाळ्यात खोकल्याचं लालचुटुक सिरप घेतलं होतं, तेव्हाही असंच पित्त उठलं होतं. तेव्हा दोष पावसाळी हवेला दिला.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "व्हिटॅमिनची ॲलर्जी नसते हो. ताण कमी करा." व्हिटॅमिनची नसेलही, पण गोळीत व्हिटॅमिन सोडून बाकी जे काही असतं त्याचं काय? पाकीट चष्मा लावून वाचलं तर "एक्सिपिअंट्स क्यू.एस." एवढंच. हे कुठे कळतं? याची काही टेस्ट असते का? आता ड जीवनसत्त्वाच्या साठ हजारच्या कॅप्सूल सुरू करायच्या आहेत आणि मनात धाकधूक आहे.

टवाळ_मुठेकाठचा
सोमवार, रात्री ११:०५

ताई, पांढरी गोळी सोसते आणि रंगीत सोसत नाही म्हणजे तुमचं शरीरही सदाशिव पेठेतलंच दिसतंय. भपका चालत नाही.

गंमत सोडा. एकदा मनात बसलं की "ही गोळी बाधते", मग बाधतेच. आमच्या मातोश्रींना जेनेरिक गोळी म्हटलं की लगेच मळमळतं. तीच गोळी जुन्या डबीत घालून दिली की ठणठणीत.

नानिवडेकर_बाई
मंगळवार, सकाळी ६:४०

टवाळराव, अंगावर दिसणाऱ्या गांध्या मनाने कशा उठवायच्या तेही सांगा, म्हणजे नको असलेल्या पाहुण्यांसमोर उठवता येतील.

माझ्या नणंदेला पिवळा रंग चालत नाही. जिलबी, बुंदी, बाजारचं केशरी दूध, काहीही. तिच्या गोळ्या आम्ही रंग बघूनच घेतो. शास्त्र काय ते माहीत नाही.

फॉर्म्युलेशनवाला
मंगळवार, दुपारी १:२०

माझं पोट याच धंद्यावर चालतं (गोळ्या खाऊन नव्हे, बनवून), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक हिशोब. बी-१२च्या गोळीवर "१५०० मायक्रोग्रॅम" असं मोठ्या दिमाखात छापलेलं असतं. म्हणजे दीड मिलिग्रॅम. ड जीवनसत्त्वाचे साठ हजार युनिट म्हणजेही दीडच मिलिग्रॅम, कारण ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. थायरॉईडची ५०ची गोळी म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. नुसतं औषध तळहातावर ठेवलं तर दिसेल न दिसेल. तुम्ही जे गिळता ते जवळजवळ सगळं "बाकीचं" असतं. जीवनसत्त्वं आणि हॉर्मोन यांच्या बाबतीत हे प्रमाण सगळ्यात टोकाचं. याउलट पॅरासिटामॉल ६५० किंवा मेटफॉर्मिन घ्या. तिथे गोळीचा बहुतांश भाग औषधच असतो. म्हणून "बाकी काही सोसत नाही" ही तक्रार व्हिटॅमिन घेणाऱ्यांकडून आली तर मला मुळीच नवल वाटत नाही.

हे बाकीचं हौसेखातर घातलेलं नसतं. दीड मिलिग्रॅमला गोळीचा आकार द्यायला भराव लागतो: लॅक्टोज, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज किंवा डायकॅल्शियम फॉस्फेट. तो धरून ठेवायला पोव्हिडोन किंवा स्टार्चची खळ. पोटात गेल्यावर गोळी फुटावी म्हणून क्रॉसकार्मेलोज किंवा सोडियम स्टार्च ग्लायकोलेट. मशीनच्या पंचला भुकटी चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट, टाल्क. वर आवरण, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड आणि रंग. बी-कॉम्प्लेक्सला तर रंगीत आवरण जवळजवळ ठरलेलंच. थायमिनला उग्र वास, रायबोफ्लेविन स्वतःच पिवळंधमक. उघडी गोळी दिसायला डागाळलेली आणि हुंगायला नकोशी, म्हणून तिला पाक चढवायचा.

२०१९ मध्ये 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन'मध्ये यावर एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या पोटातून घ्यायच्या ४२,०५२ औषधांच्या नोंदी तपासल्या होत्या. गोळीच्या वजनाचा सरासरी तीन-चतुर्थांश भाग निष्क्रिय घटकांचा निघाला आणि ९२.८ टक्के औषधांत ॲलर्जी किंवा त्रास होऊ शकेल असा निदान एक तरी घटक होता. लॅक्टोज सुमारे ४५ टक्क्यांत, खाद्यरंग सुमारे ३३ टक्क्यांत. यातला "होऊ शकेल" हा शब्द सोडू नका. ९३ टक्के लोकांना त्रास होतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

केतकीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं पाकिटावरच आहे. एक्सिपिअंट्सच्या नावाने "क्यू.एस." म्हणजे "लागेल तेवढं" असं लिहून मोकळे होतात, पण रंगाचं नाव सहसा वेगळं लिहिलेलं असतं. १९४५च्या औषध नियमांत कुठले रंग चालतील याची यादीच आहे (नियम १२७). घटकांच्या खाली बारीक अक्षरांत "कलर" अशी ओळ शोधा. तिथे टार्ट्राझिन, सनसेट यलो, पाँसो ४आर, कार्मोइसिन यांपैकी काही आहे का ते सांगा. सिरपच्या बाटलीवरही बघा.

केतकी_कर्वेनगर
मंगळवार, दुपारी ३:१०

अहो, आहे! गोळीवर "पाँसो ४आर आणि सनसेट यलो". सिरपची बाटली टाकून दिली होती, पण तेच सिरप शेजारच्यांकडे मिळालं, त्यावर पाँसो ४आर. पांढरीवर फक्त टायटॅनियम डायऑक्साइड. म्हणजे गुन्हेगार सापडला?

चर्मरोगी_नव्हे_चर्मवैद्य
मंगळवार, रात्री ९:३०

सापडला नाही, संशयित सापडला. जरा थांबा.

पित्त उठण्याला (म्हणजे अर्टिकेरिया) शंभर कारणं असतात. महिनोन् महिने अधूनमधून गांध्या उठणाऱ्या बहुतेकांना बाहेरचं असं काही कारण सापडतच नाही. त्या काळात जे खाल्लं, जे गिळलं त्यावर आळ येतो. दुसरं, अंगदुखीच्या गोळ्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पित्त भडकणाऱ्यांची संख्या रंगांनी भडकणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. खोकल्याचं सिरप घेताना बरोबर तापाची, कणकणीची गोळी घेतली होती का ते आठवा. सर्दी-तापाचा विषाणूही एकटा पित्त उठवू शकतो.

तिसरं, "औषधाचा" परिणाम "बाकीच्या"च्या माथी मारू नका. व्हिटॅमिनच्या बाबतीत हे फार होतं. नायसिन जर निकोटिनिक ॲसिडच्या रूपात असेल तर अर्ध्या-एक तासात चेहरा, मान, छाती लाल होते, चुरचुरते. ती ॲलर्जी नव्हे, तो त्या जीवनसत्त्वाचाच गुण. आपल्याकडच्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बहुधा निकोटिनामाइड असतं, त्याने असं होत नाही, तरी पाकिटावर बघून घ्यावं. लोहाच्या गोळीने मळमळ, बद्धकोष्ठता, काळी शौच. मॅग्नेशियमने जुलाब. बी-१२ने काहींना मुरमं येतात. यातलं काहीच भरावामुळे नाही.

तरीही केतकीताईंचं वर्णन मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. तेच जीवनसत्त्व तीन रूपांत घेतलं, एकाच रूपाने त्रास झाला, आणि त्याच रूपातला एक घटक दुसऱ्या त्रासदायक औषधातही आहे. तुमच्या डॉक्टरांना हे सगळं पाकिटांच्या फोटोंसकट एका कागदावर मांडून दाखवा. "मला गोळ्या सोसत नाहीत" हे वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा ऐकतो, त्याने काही हाती लागत नाही.

टेस्टबद्दल: या रंगांसाठी भरवशाची रक्ततपासणी नाही. "दोनशे पदार्थांचं आयजीजी पॅनेल" म्हणून हजारो रुपयांच्या तपासण्या विकल्या जातात, त्यांत ॲलर्जी कळत नाही. कुठला पदार्थ तुम्ही खाता एवढंच फार तर कळतं. खरी पद्धत म्हणजे संशयित घटक काही आठवडे पूर्ण बंद करणं आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा देऊन बघणं. हे घरी करायचं नाही. पुढे कधी ओठ, जीभ, पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, दम लागला किंवा चक्कर आली तर फोरमवर लिहीत बसू नका, १०८ला फोन करा.

टवाळ_मुठेकाठचा
मंगळवार, रात्री १०:००

म्हणजे मी अर्धा बरोबर होतो. पुण्यात एवढं पुरे.

पेठकर_मेडिकलवाले
बुधवार, सकाळी ८:१५

मी आयुष्य काउंटरच्या मागच्या बाजूला काढलंय, आता मुलगा बसतो. वर कुणी लिहिलं नाही ते लिहितो.

गिऱ्हाईक ब्रँडचं नाव बघतं. पाकिटाच्या मागे आणखी दोन नावं असतात, "मार्केटेड बाय" आणि "मॅन्युफॅक्चर्ड बाय". पहिलं नाव मोठ्या कंपनीचं. दुसरं बऱ्याचदा हिमाचलातल्या बद्दीच्या, नाहीतर उत्तराखंड किंवा सिक्कीममधल्या भलत्याच कारखान्याचं. ब्रँड तोच राहतो आणि बनवणारा बदलतो, तेव्हा गोळीचा रंग, जाडी, चव बदलू शकते. "नेहमीचीच गोळी आहे, पण या वेळची बाधली" असं म्हणणाऱ्याला मी आधी जुनं पाकीट आणायला सांगायचो. त्यात खोटं बोलणारे कमी आणि बनवणारा बदललेले जास्त निघायचे. लायसन्स नंबर आणि बॅच नंबर जुळवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि गोळ्या संपेपर्यंत पाकीट कापताना नाव-बॅचची बाजू शेवटी कापा. लोक नेमकी तीच आधी कापतात.

गोळी बदलून देतो तेव्हा दुकानदार घटक आणि ताकद जुळवतो. भराव कुठला हे त्यालाही माहीत नसतं. त्याला विचारून रागावू नका.

सुहास_हडपसर
बुधवार, सकाळी ११:३०

धागा काढल्याबद्दल आभार. आमच्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आयुष्यभर बंद. जेवणाचं सगळं जमवलंय. ज्वारी, तांदूळ, नाचणी, बाजरी, महाराष्ट्रात राहून ते काही कठीण नाही. अडतं ते औषधाशी. पाकिटावर नुसतं "स्टार्च" असलं की मका की गहू? एका कंपनीला ईमेल केली तर उत्तर आलं, "ही माहिती गोपनीय आहे." दुसरीने मात्र त्याच दिवशी कळवलं की मक्याचा स्टार्च आहे.

फॉर्म्युलेशनवाला
बुधवार, दुपारी २:००

सुहासराव, आपल्याकडे गोळ्यांत बहुतेक वेळा मक्याचाच स्टार्च असतो, तो स्वस्त आणि मुबलक. पण "बहुतेक वेळा" हे तुमच्या मुलासाठी पुरेसं नाही, हे मान्य. "तुमचं गुपित नको, फक्त स्टार्चचा स्रोत सांगा, रुग्ण सिलिअ‍ॅक आहे" अशा शब्दांत विचारा आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवरून विचारा. कस्टमर केअरऐवजी मेडिकल इन्फर्मेशन विभागाकडे गेलं तर उत्तर येण्याची शक्यता जास्त.

एक युक्ती सगळ्यांसाठी. तेच जीवनसत्त्व आपल्याकडे दोन वाटांनी विकलं जातं. एक औषध म्हणून, औषध परवान्याखाली. दुसरं आहारपूरक म्हणून, एफएसएसएआयच्या नंबराखाली. खाद्यपदार्थाच्या नियमांत सगळे घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, रंग आणि इतर मिसळीचे आयएनएस क्रमांक द्यावे लागतात आणि दूध, गहू, सोया, शेंगदाणा यांसारखे ॲलर्जीचे घटक वेगळे सांगावे लागतात. म्हणून ज्याला बाकीचं काय ते कळायलाच हवं, त्याने डॉक्टरांच्या संमतीने त्याच ताकदीचं पूरक मिळतं का बघावं. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पाँसो ४आर, १७१ टायटॅनियम डायऑक्साइड. केतकीताईंनी १२४ आणि ११० फोनमध्ये लिहून ठेवावेत. हे नंबर फरसाणाच्या आणि सरबताच्या पाकिटांवरही दिसतील.

इंटरनेटवर अमेरिकेच्या किंवा ब्रिटनच्या साइटवर औषधाची पूर्ण यादी सापडते. ती तिथल्या गोळीची असते. आपल्या दुकानातली त्याच नावाची गोळी वेगळी असू शकते, तिच्यावर विसंबू नका.

उपाध्ये_काकू
बुधवार, सायंकाळी ५:४५

मला दूध पचत नाही. गोळ्यांत लॅक्टोज असतं हे वाचून आता ब्लडप्रेशरचीही गोळी बंद करावी का? आणि चतुर्थीला मक्याच्या स्टार्चची गोळी चालते का हेही सांगा, यजमान विचारताहेत.

चर्मरोगी_नव्हे_चर्मवैद्य
बुधवार, रात्री ९:५०

काकू, बीपीची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही, माझ्याही नाही.

एक कप दुधात नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज असतं. गोळीत काही मिलिग्रॅमपासून काही शे मिलिग्रॅमपर्यंत. दूध न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये म्हटलं होतं. एक-दोन गोळ्यांनी पोट बिघडणार नाही. दिवसाला मूठभर गोळ्या असतील आणि पोट कायम फुगत असेल तर एकत्रित हिशोब करायला हरकत नाही. सिरपमध्ये आणि चघळायच्या गोळ्यांत गोडीसाठी सॉर्बिटॉल, मॅनिटॉल असतं, ते पोट फुगवण्याच्या बाबतीत जास्त खोडकर.

दूध न पचणं वेगळं आणि दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी वेगळी. दुसऱ्या प्रकारात अगदी लेशही महागात पडू शकतो. दम्याच्या, श्वासावाटे ओढायच्या काही पावडरींत लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहून तीव्र ॲलर्जी असलेल्यांना त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. घरात असं मूल असेल तर इनहेलर लिहून घेताना आवर्जून सांगा.

चतुर्थीचं पेठकरकाका सांगतील.

पेठकर_मेडिकलवाले
बुधवार, रात्री १०:१०

चालते. देवाला बीपी कळतं.

जुना_वाचक_नारायणपेठ
गुरुवार, सकाळी ७:३०

१९८६ विसरलात का सगळे? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, चौदा रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. तेव्हाही औषध बाधलं नव्हतं, बाकीचंच बाधलं होतं.

फॉर्म्युलेशनवाला
गुरुवार, दुपारी १:४५

नाना, ते विष होतं, ॲलर्जी नव्हे. जो घेईल त्याला मारणार. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या एलिक्झिरने शंभरावर माणसं गेली तीही त्याच डायएथिलीन ग्लायकॉलने, आणि त्यातून १९३८चा तिथला कायदा आला. या धाग्यावरचा विषय उलटा आहे. माल चोख, नियमात बसणारा, लाखोंना चालणारा, आणि तरी एखाद्याला न चालणारा. दोन्हींची सरमिसळ केली की लोक चांगल्या गोळ्याही टाकून देतात.

या विषयाला जवळचं उदाहरण १९६८चं, ऑस्ट्रेलियातलं. फिट येऊ नये म्हणून देतात त्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधला भराव बदलला, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज घातलं. औषध तेवढंच होतं, पण आता ते जास्त प्रमाणात रक्तात उतरू लागलं आणि रुग्णांना चक्कर, तोल जाणं असे विषबाधेचे त्रास झाले. म्हणजे "निष्क्रिय" घटक ॲलर्जी न करताही औषधाचा डोस बदलू शकतो. फिटची, थायरॉईडची, रक्त पातळ करण्याची औषधं घेणाऱ्यांनी ब्रँड आपल्या मनाने बदलू नये असं सांगतात ते यासाठी.

आणि "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांसाठी फ्रान्सचा किस्सा. २०१७ मध्ये तिथे थायरॉईडच्या सर्रास वापरात असलेल्या गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं. हजारो रुग्णांनी थकवा, चक्कर, केस गळणं अशा तक्रारी केल्या. खरं किती आणि धास्ती किती हा वाद शास्त्रज्ञांतही बराच चालला. पण २०२० मध्ये लियाँच्या अपील कोर्टाने कंपनीला तीन हजारांहून जास्त रुग्णांना प्रत्येकी १,००० युरो द्यायला लावले. कशासाठी? बदल नीट सांगितला नाही म्हणून. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. न सांगता बदललं की ज्याला खरंच त्रास होतोय आणि ज्याला धास्तीने होतोय ते दोघे वेगळे ओळखायची सोयच उरत नाही. आपल्याकडे "क्यू.एस." लिहून आपण ती सोय आधीच घालवलेली आहे.

मुग्धा_औंध
गुरुवार, दुपारी ४:२०

वाचनखूण साठवली. फार उपयोगी चाललाय धागा.

माझी भर. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पाकिटावर बऱ्याचदा मॅक्रोगोल, हे शौचाला साफ होण्याच्या पावडरीत, कोलोनोस्कोपीच्या आधी प्यायच्या द्रावणात, गोळ्यांच्या आवरणात आणि काही इंजेक्शनांत असतं. याची ॲलर्जी दुर्मिळ पण झाली तर गंभीर. माझ्या मावसबहिणीला दोन पूर्ण वेगळ्या औषधांनी अंग सुजलं, तेव्हा ॲलर्जीच्या डॉक्टरांनी हे शोधलं. याची मात्र त्वचेवर टेस्ट होते. कोविडच्या वेळी ती घाबरली होती, कारण फायझरच्या लशीत पॉलिएथिलीन ग्लायकॉल होतं. आपल्या हडपसरच्या सीरमच्या कोविशील्डच्या पत्रकात घटकांची पूर्ण यादी छापलेली होती: हिस्टिडीन, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट ८०, इथेनॉल, साखर, मीठ, ईडीटीए, पाणी. पॉलिसॉर्बेट याच्या नात्यातलं, म्हणून डॉक्टरांनी ती लस रुग्णालयात, नजरेखाली दिली. काही झालं नाही. मुद्दा असा की लशीची यादी छापता येते तर गोळीची का नाही?

अवांतर: होमिओपॅथीच्या बाराक्षार गोळ्या लॅक्टोजच्याच असतात आणि आयुर्वेदिक वटीतही डिंक, टाल्क असू शकतं. "ते नैसर्गिक आहे" म्हणून यादी विचारायची नाही असं नको.

केतकी_कर्वेनगर
गुरुवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. चर्मवैद्यांनी विचारलं होतं ते आठवलं: हो, सिरपबरोबर अंगदुखीची गोळी घेतली होती. म्हणजे सिरपचा पुरावा कच्चा. बी-कॉम्प्लेक्सबरोबर मात्र दुसरं काहीच नव्हतं. फोटो, बॅच नंबर सगळं कागदावर मांडलंय, शनिवारी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जातेय.

हे सरकारदरबारी कुठे कळवता येतं का? गोळी खराब नव्हती, तरी?

मुग्धा_औंध
शुक्रवार, सकाळी ९:००

हो, खराब असण्याची अट नाही. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः फॉर्म भरू शकतो. ससूनला लागून बी. जे. मेडिकल कॉलेज आहे, तिथे दुष्परिणाम नोंदवायचं केंद्र आहे. नोंदवताना बनवणाऱ्याचं नाव आणि बॅच लिहा, नुसता ब्रँड लिहून उपयोग नाही.

सुहास_हडपसर
शुक्रवार, सकाळी १०:३०

लहान मुलांच्या सिरपमधल्या रंगांनी मुलं चळवळी होतात म्हणतात, ते कितपत खरं?

चर्मरोगी_नव्हे_चर्मवैद्य
शुक्रवार, रात्री ८:४०

२००७ मध्ये ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टनला प्रयोग झाला होता. काही रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते) यांचं मिश्रण दिलेल्या मुलांत चळवळेपणा थोडा वाढलेला दिसला. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता. तरी २०१०पासून युरोपात त्या रंगांच्या खाद्यपदार्थांवर इशारा छापावा लागतो. दोन दिवस तापाचं सिरप दिल्याने काही बिघडत नाही. रंग नसलेलं मिळालं तर घ्या.

केतकीताई, ड जीवनसत्त्वाचं राहिलंच. मऊ कॅप्सूलमध्ये जिलेटिन असतं, शिवाय आत तेल, बऱ्याचदा सोयाबीनचं, आणि कवचात कधी रंग, टिकवण्यासाठी पॅराबेन. तुम्ही शाकाहारी आहात म्हणूनही सांगतो, औषधाच्या पाकिटावर हिरवा ठिपका सक्तीचा नाही. साठ हजारचीच पावडरीची पुडी मिळते, डॉक्टरांना विचारून ती घ्या. रंगाची ओळ वाचायला विसरू नका.

उपाध्ये_काकू
शुक्रवार, रात्री ९:०५

त्या पुडीत साखर असते ना? यजमानांना डायबेटिस आहे.

पेठकर_मेडिकलवाले
शुक्रवार, रात्री ९:२०

अख्खी पुडी एक ग्रॅमची, तीही रोज घ्यायची नसते. यजमान परवा दुकानावरून अर्धा किलो आंबा बर्फी घेऊन जाताना दिसले. साखरेची विचारपूस तिथे करा.